हौशीची हाडं

"काल उजव्या पायानं लंगडत हुती, आज डाव्या पायानं लंगडतीया," सगुणाबाई म्हणाली. "आन् परवा तर मागचाच पाय उचलून धरला हुता."

मी चहाचा कप खिडकीत ठेवून दवाखान्याच्या अंगणात आले. हौशी करंजाच्या झाडाखाली उभी होती. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली नऊ वर्षांची घोडी. वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकत होती, तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहिलेलं माणूस करतं तसं.

"दुखणं असं पाय बदलत हिंडत नाही, सगुणाबाई. नीट आठवून सांगा, कुठल्या पायानं लंगडते?"

"म्या जे बघितलं ते सांगितलं, बाई. दुसरं काय सांगू?"

भैरोपठार हे डोंगरावरचं गाव. नाक्याच्या पुढे मोटारींना बंदी होती आणि पर्यटकांना वर नेणारे दीडेकशे घोडे हाच गावाचा धंदा होता. पशुवैद्यकीय दवाखान्यात मी एकटीच डॉक्टर. वय सत्तावीस, नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेलं. सगुणा ढेबे ही नाक्याजवळच्या घोड्यांच्या तळावरची एकुलती एक बाई घोडेवाली. नवरा मध काढायला कड्यावर गेला आणि परत आला नाही, तेव्हापासून तिनं घोडीचा लगाम स्वतःच्या हातात घेतला होता. तळावरच्या काही बाप्यांना ते खुपायचं. तिला मात्र त्याची फिकीर नव्हती.

मी हौशीचे चारही पाय खांद्यापासून खुरापर्यंत चाचपले. या कामात माझा कोणी हात धरू शकणार नाही अशी माझी खात्री होती. कॉलेजात आमचे सर कापडी पिशवीत हाड टाकायचे आणि आत हात घालून ते कुठलं, डावं की उजवं, ते सांगायला लावायचे. माझं एकदाही चुकलं नव्हतं. शरीररचनेचं सुवर्णपदक मला मिळालं होतं आणि ते मी दवाखान्याच्या कपाटात, औषधांच्या बाटल्यांपुढे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं ठेवलं होतं.

पायांना सूज नव्हती. कुठे गरम लागत नव्हतं. खुरात खडा नव्हता.

"हे बघा," मी तिला पुढच्या पायाची नळी दाखवत म्हणाले, "घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो. माणूस चवड्यावर उभा राहतो ना, त्याच्याही पुढचं. साडेतीनशे किलोचं धूड अशा चार बोटांवर. त्यावर आणखी दोन-दोन माणसं बसवली तर काय होईल?"

"दोन? म्या कवाच दोन माणसं बसवली न्हाईत."

"उतारावर सामान?"

"न्हाई. जाडंजुडं गिऱ्हाईक असलं तर म्या सरळ न्हाई म्हणती. तळावर कुणालाबी इचारा."

मी कोणालाही विचारलं नाही. त्या गावात मी विटा वाहणारे घोडे पाहिले होते, एका घोड्यावर आई आणि दोन मुलं पाहिली होती, आणि प्रत्येक मालकानं मला देवाची शपथ घेऊन सांगितलं होतं की आमच्याकडे असं होत नाही. सगुणाबाईही त्यातलीच, असं मी ठरवून टाकलं. खरं तर मला काही सापडलं नव्हतं, पण ते तोंडानं म्हणायची माझी तयारी नव्हती.

"दहा दिवस काम बंद ठेवा," मी वेदनाशामकाची पुडी देत म्हणाले. हौशीच्या गालावर थोपटलं. "बाकी तब्येत छान आहे. तोंड बघा कसं भरलंय. गेल्या वर्षी नुसती खोबणी दिसत होती."

सगुणाबाईचा चेहरा खुलला. "तुमच्यामुळंच की ते, बाई," ती म्हणाली.

एप्रिलातले ते दहा दिवस तिनं खरोखर घोडी बांधून ठेवली. बाकीच्यांच्या फेऱ्या चालू असताना ती घरी गवताचे भारे आणत होती. अकराव्या दिवशी हौशी पुन्हा तळावर आली आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा लंगडू लागली.

त्याच आठवड्यात इस्माईलचाचा दवाखान्यात आले. ते नालबंद. तळावरच्या सगळ्या घोड्यांना तेच नाल ठोकायचे. सत्तरी ओलांडलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण खुराला हात लावला की घोडा ओळखायचे.

"मॅडम, ढेबेबाईची घोडी एकदा बघा."

"बघितली चाचा. भार जास्त झालाय."

"नाल मारायला एक पाय उचलला तर बाकीच्या तीन पायांवर उभी राहत नाय. थरथरते. वीस-बावीस वर्षांची घोडी असती तर मी समजलो असतो." त्यांनी स्वतःच्या गालाला हात लावला. "पायाचं नाय वाटत मला. तोंडाकडून बघा. दोन्ही बाजूंनी नाकाच्या वर रुंद झालंय. आन् घास चावता चावता खाली टाकते, गोळे करून."

"तोंड रुंद नाही झालं, चाचा. मांस भरलंय. खातेय ना आता नीट."

"तिथं मांस नसतं, मॅडम. तिथं हाड असतं."

त्यांनी ते अगदी साधेपणानं सांगितलं. पण मला ते झोंबलं. कधी शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसानं मला घोड्याच्या तोंडाची हाडं शिकवावीत!

"हाडं मी पाच वर्षं शिकलेय," मी म्हणाले. "तुम्ही नाल बघा, बाकीचं माझ्यावर सोडा."

चाचांनी मान हलवली, टोपी सारखी केली आणि गेले. त्यांच्यामागे मी उठून हौशीच्या गालाच्या हाडावर दोन बोटांनी नुसतं वाजवून पाहिलं असतं, तरी पुरलं असतं. आतून पोकळ असलेलं चांगलं हाड खणखणीत वाजतं. तेव्हा अजून वेळ होती. आज मी विद्यार्थ्यांना सांगते की या टप्प्यावर कळलं तर जनावर वाचतं.

मे लागला आणि गर्दी वाढली. मुंबईच्या एका बाईंनी नगरपालिकेत तक्रार दिली की लंगड्या घोड्याला कामाला जुंपलं जातं. पालिकेनं माझ्याकडे दाखला मागितला. मी सरकारी कागदावर, शिक्का मारून लिहिलं: "सदर घोडीस झालेली इजा ही मालकाने क्षमतेपेक्षा जास्त भार वाहून घेतल्यामुळे झाली आहे."

घोडेवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष बाजीराव पार्टे. त्यांनी तो कागद तळावर, सगळ्यांसमोर वाचून दाखवला. मीही तिथे होते. तीसचाळीस माणसं, मागे घोडे, बाजूला थांबलेले पर्यटक. हौशीच्या गळ्यातला पितळी बिल्ला काढून घेण्यात आला. बिल्ला गेला म्हणजे धंदा गेला.

"ह्ये खोटं हाय," सगुणाबाई म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "पार्टेदादा, तुमी रोज हितंच बसता. सांगा की, म्या कवा दोन माणसं बसवली?"

पार्टे माझ्याकडे बघत म्हणाले, "डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय, सगुणा. त्या शिकलेल्या हायत. मी काय सांगणार?"

मागून कोणीतरी बोललं, "बायामाणसाच्या हातात जनावर दिल्यावर दुसरं काय व्हणार!" दोघंतिघं हसले. सगुणाबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मी काहीतरी सांगेन, सावरून घेईन, अशी वाट पाहणारी ती नजर होती. मी घड्याळाकडे बघितलं.

त्यानंतर बारा दिवसांनी सकाळी तिचा दीर धावत दवाखान्यात आला. हौशी पडली होती.

त्यांच्या घरामागे सपाट मोकळी जागा आहे. तिथे हौशी मातीत लोळली आणि उठायला गेली, एवढंच. पाठीवर खोगीर नव्हतं, माणूस नव्हतं, समोर चढ नव्हता. उठता उठता मागच्या पायाचं मांडीचं हाड मोडलं. सगुणाबाई चुलीपाशी होती. तिथवर आवाज गेला होता. मी पोचले तेव्हा घोडी आडवी होती, अंग घामानं भिजलेलं, आणि सगुणाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. इस्माईलचाचा माझ्या आधी येऊन उभे होते.

पाय बघायला एक मिनिटही लागलं नाही. मी सगुणाबाईला सांगितलं की आता एकच इलाज आहे, कायमचं झोपवणारं इंजेक्शन. तिनं विचारलं, "लई दुखंल का तिला?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मग द्या."

सगळं संपल्यावर मी तिला विचारलं की आतून बघू का. सपाट जमिनीवर, रिकाम्या पाठीनं मांडीचं हाड मोडतं हे मला पटत नव्हतं.

"बघा," ती म्हणाली. "मलाबी कळू दे का मेली ती." आणि ती पाठ फिरवून घराच्या भिंतीशी जाऊन बसली.

चाचांनी डोकं धरलं. का कोण जाणे, मी पायाऐवजी तोंडाकडून सुरुवात केली. कातडं सोडवलं आणि गालाच्या हाडावर सुरीचं टोक टेकवलं. हाडावर सुरी घसरते, खरखरते. ही आत रुतली. साबणाच्या ओल्या वडीत रुतावी तशी, मी जोर न लावता. मी बाहेर काढून दुसरीकडे टेकवली. तिथेही तेच. खालच्या जबड्यातली एक दाढ बोटानं हलली. जिथे हाड असायला हवं होतं तिथे पांढरट, चिवट, भुसभुशीत असं काहीतरी वाढलेलं होतं, आणि त्याच्यामुळे ते तोंड रुंद दिसत होतं. भरलेलं.

पुस्तकातलं ते पान मला डाव्या बाजूच्या चित्रासकट आठवलं. परीक्षेला आलं होतं. मी बरोबर लिहिलं होतं.

"सगुणाबाई," मी तिथूनच विचारलं, "तुम्ही हिला खायला काय घालत होता?"

ती वळली नाही. "तुमी सांगितलंत त्येच."

"मी काय सांगितलं होतं?"

"गेल्या भादव्यात शिबिर घेतलंत न्हवं का. तवा म्हणालात, घोडी वाळलीया, हरभरा परवडत नसंल तर गव्हाचा कोंडा घाला, भरपूर घाला. अंग धरंल. म्या दुसऱ्या दिसापासून चालू केलं. खालच्या गिरणीतनं पोतं आणायची. सकाळी एक घमेलं, सांजंला एक. एक दिस चुकवला न्हाई. बाकीचे हसायचे मला, बाई म्हणत्यात म्हणून करतीस व्हय. म्या म्हणायची, त्या शिकल्यात."

कोंड्यात फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम जवळपास नाहीच. घोड्याला तोच भरपूर घालत राहिलं की रक्तातली उणीव भरून काढायला शरीर स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. महिनोन्‌महिने, थोडं थोडं, आधी तोंडाच्या हाडांतून, मग सगळीकडून. म्हणून ती रोज वेगळ्या पायानं लंगडायची. तिला एका पायाला इजा झालीच नव्हती. तिची सगळीच हाडं दुखत होती.

इस्माईलचाचांनी त्या भुसभुशीत हाडावर अंगठा दाबून बघितला आणि हात पुसला.

"आमचा बाप घोड्याला कोंडा मूठभरच टाकायचा," ते हळू आवाजात म्हणाले. "का, ते त्यालाबी ठाऊक नव्हतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही सांगा तिला. मी सांगणं बरोबर नाय." आणि ते आपली पिशवी घेऊन पायवाटेला लागले.

मी हात धुतले. सावकाश धुतले. सगुणाबाई उठून माझ्यासमोर आली.

"काय निघालं?"

"हाडं कच्ची झाली होती."

"कशानं?"

मी सुऱ्या पुसायला घेतल्या.

"भारानं व्हय?" तिनं विचारलं. "बाई, खरं सांगा. दिवाळीत एकदा एका माणसाला वर नेलं हुतं. लई जाड हुता. म्या न्हाईच म्हणत हुती, पर त्याच्या पायाला लागलेलं, म्हणून नेला. त्यानं झालं का?"

एका वाक्याचं काम होतं. नाही सगुणाबाई, मी सांगितलेल्या कोंड्यानं झालं. पण त्या वाक्याच्या मागे दाखला होता, शिक्का होता, तळावर वाचलेला कागद होता, कपाटातलं पदक होतं. मी पेटीत सुऱ्या भरत राहिले. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ तिनं तिच्या परीनं लावला. तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ती मटकन खाली बसली.

तिला तशीच सोडून मी दवाखान्यात आले. चार दिवसांनी बदलीचा अर्ज केला. जूनमध्ये भैरोपठार सोडलं. निघण्यापूर्वी प्रत्येक घोडेवाल्याला मात्र बजावून सांगितलं की कोंडा बंद करा, लसूणघास द्या. का, ते सांगितलं नाही.

पुढे मी शिकवायला लागले. एका पशुवैद्यक कॉलेजात शरीररचना. माझे तास मुलांना आवडतात. घोड्याचा अख्खा सांगाडा वर्गात उभा करून मी एकेका हाडाचं काम समजावते. आणि दरवर्षी हाडांच्या रोगांपाशी आले की मी एक गोष्ट सांगते. एका डोंगरावरच्या गावात एक डॉक्टर होते, त्यांनी एका बाईला घोडीसाठी कोंडा सांगितला, आणि पुढचं सगळं. चाचांनी दिलेली सूचनाही सांगते. सुरी कशी रुतली ते सांगताना मुलं लिहायचं थांबतात. चौदा वर्षं मी ती गोष्ट अशी सांगितली. "एक डॉक्टर होते." पुरुष. वयस्कर. कधी कधी मी त्यांना चष्माही घातला.

पंधराव्या वर्षी शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. आरती गवाणकर, फार न बोलणारी.

"मॅडम, त्या डॉक्टरांनी त्या बाईंना नंतर सांगितलं का?"

"काय?"

"की त्यांची चूक नव्हती म्हणून."

मी म्हणाले, "ते माहीत नाही." आणि फळा पुसायला वळले. फळा कोरा होता.

त्याच आठवड्यात, रविवारी, मी भैरोपठारावर गेले.

नाका पूर्वीच्याच जागी होता. घोडे कमी झाले होते. इस्माईलचाचांना जाऊन दहा वर्षं झाल्याचं कळलं. सगुणाबाई तळाच्या वरच्या बाजूला झाडाखाली शेगडी घेऊन मक्याची कणसं भाजत होती. केस पांढरे झाले होते. मी नाव सांगितल्यावर तिनं डोळ्यांवर हात धरून मला बघितलं आणि म्हणाली, "बाई! किती वाळलात." पोतं झटकून मला बसायला दिलं.

मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. कोंडा, हाडं, मला त्याच दिवशी कळलं होतं हे, आणि मी बोलले नाही हेही. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. शेगडीवरचं एक कणीस एका बाजूनं काळं झालं.

"म्हंजी त्या जाड्या माणसानं झालं न्हाई," ती अखेर म्हणाली.

"नाही."

"अन् माझ्या हातनंबी न्हाई."

"तुमच्या हातून काहीच झालं नाही. माझ्यामुळे झालं."

"म्या परत जनावर घेतलंच न्हाई, बाई. दीर म्हणत हुता, घे. म्या म्हणलं नगं, माझ्या हातात पाप हाय." तिनं ते जळकं कणीस उचललं, बघितलं आणि बाजूला ठेवलं. "आठरा वर्सं म्या त्या माणसाचं तोंड आठवून आठवून स्वतःला शिव्या घातल्या."

मी माफी मागितली. तिनं ती घेतलीही नाही, परतही केली नाही. पदराला हात पुसून ती उठली.

"मला एकटीला सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "कागुद तर तळावर वाचला हुता. चला."

ती पुढे आणि मी मागे. तळावर वीसेक घोडेवाले होते, बहुतेक तरुण, हातात फोन. त्यातल्या कोणालाही हौशी माहीत असणं शक्य नव्हतं. कडेच्या बाकावर बाजीराव पार्टे काठी घेऊन बसले होते, ऐंशीच्या घरातले. त्यांच्या समोर सगुणाबाई उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "पार्टेदादा, डॉक्टरीणबाई आल्यात. त्यांना काय सांगायचंय ते ऐका. आन् रं पोरांनो, तुमीबी फोन ठेवा जरा."

पोरं वळली. एखाददुसरा पर्यटकही थांबला. मी बोलायला सुरुवात केली. "अठरा वर्षांपूर्वी सगुणाबाईंच्या घोडीबद्दल मी एक दाखला दिला होता. तो खोटा होता..."

"मोठ्यानं बोला, बाई," सगुणाबाई म्हणाली. ती माझ्या शेजारी, पण माझ्याकडे न बघता, समोर बघत उभी होती. "मागच्यांना ऐकू येत न्हाई."

मी पहिल्यापासून, मोठ्यानं सुरुवात केली.